समुद्रकाठचे आणि मागच्या गावरानातले धावमार्ग: आखणी कशी करावी?

धागाकर्ता: खाडीकाठी

धावमार्गांच्या चर्चेत बहुतेक वेळा अंतर, चढ आणि फोटो एवढंच येतं. डांबरी रस्त्याला ते पुरतं. समुद्रकाठी मात्र मार्ग दिवसातून दोनदा बदलतो. सकाळी सातला जी पुळण (वाळूचा किनारा) साठ मीटर रुंद आणि टणक असते, तीच दुपारी एकला पाण्याखाली असते, आणि नकाशावर दोन्ही वेळी तीच पिवळी पट्टी दिसते. त्यामुळे इथे आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडायचा, नकाशा नंतर.

पाया असा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढच्या एकदोन दिवसांत उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. सगळीकडे हेच गणित चालत नाही. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी फार थोडंच हलतं, मेक्सिकोच्या आखातात काही भागांत दिवसाला एकच भरती येते, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात फरक १६ मीटरपर्यंत जातो. आपल्या किनाऱ्याचा फरक किती, हे पहिल्यांदा बघा.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशोब बाराव्या हिश्श्यांचा: सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से. फरक ३ मीटर असेल तर पहिल्या तासात २५ सेंमी, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ७५ आणि चौथ्यातही ७५. आता पुळणीचा उतार पन्नासास एक धरा. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून पाणी आडवं ७५ मीटर आत येतं. पहिल्या तासात ते फक्त साडेबारा मीटर सरकलेलं असतं, आणि ते पाहूनच माणूस 'अजून भरपूर वेळ आहे' म्हणतो.

माझा नियम: ओहोटीच्या दोन तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत पुळण. बाकी वेळ मागचं गावरान, म्हणजे किनाऱ्यामागची शेतं, पठार आणि कच्चे रस्ते.


प्रतिसाद १: पुळणवाला

चांगला विषय. तुम्ही दिलेल्या वेळेच्या नियमात एक सुधारणा सुचवतो. जाऊन-येऊन मार्ग असेल तर वळण्याची वेळ ओहोटीच्या क्षणावर बसवा. समजा ओहोटी ७:१० ला आहे, १० किमी करायचे आहेत आणि वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा आहे. एकूण ६५ मिनिटं लागतील. ६:३५ ला निघालात की ७:०८ ला वळाल आणि ७:४० ला परत याल. जाताना आणि येताना पाण्याची पातळी जवळपास सारखी, म्हणजे पायाखाली तीच पट्टी.

हे टणकपणापुरतं नाही. पुळण समुद्राकडे उतरती असते. जाताना समुद्र उजवीकडे असेल तर उजवा पाय खाली पडतो आणि डावा वर. परतताना उलटं होऊन हिशोब बरोबर होतो, असं सगळे सांगतात. तो होतो, पण पट्टी तीच असेल तरच. पुळणीचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त तिरपा असतो. तुम्ही ओहोटीला निघालात आणि भरतीत परतलात, तर जाताना सपाट आणि येताना तिरपं धावलात. मग एकाच बाजूचा गुडघा बाहेरून दुखतो आणि लोक बुटांना दोष देतात.


प्रतिसाद २: नवा_धावक

टणक वाळू ओळखायची कशी? पाण्याजवळ जावं तर पाय रुततो, लांब जावं तरी रुततो.


प्रतिसाद ३: पुळणवाला

@नवा_धावक, दोन्हीच्या मधली पट्टी शोधा. नुकतंच पाणी उतरलेली, ओली पण चकाकत नसलेली. कण ओलसर असले की त्यांच्यामधलं थोडं पाणी त्यांना ताणून एकत्र धरतं. पूर्ण भिजले की तो ताण जातो आणि कण सुटतात. कोरड्या वाळूत पाणीच नाही, म्हणून ताणही नाही.

पाऊल टाकताना त्याभोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी दिसली तर जागा चांगली. दाबामुळे कण एकमेकांवर चढतात, मधली पोकळी वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून तसं दिसतं. पाऊल उचलल्यावर ठशात पाणी साचत असेल तर दोनतीन मीटर वर सरका. टाचेचा ठसा अर्ध्या सेंटीमीटरच्या आत असेल तर रस्त्याच्या जवळपासचा वेग मिळेल. दोन सेंटीमीटर झाला की वेगाचा नाद सोडा, घड्याळ झाका.

आणखी एक गोष्ट लांबूनही कळते. बारीक वाळूची पुळण सपाट आणि टणक असते, भरड वाळूची तिरपी आणि भुसभुशीत. उतार बघूनच वाळूचा अंदाज येतो. वादळी लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात आणि शांत हवेत ती हळूहळू परत येते, त्यामुळे पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा अनुभव एक धरू नका.


प्रतिसाद ४: दमादमानं

कोरड्या वाळूबद्दल आकडा देतो. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजलं होतं: कोरड्या वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. चालताना तर २.१ ते २.७ पट.

दुसरीकडे चढावर धावण्याच्या खर्चाचं मोजमाप संशोधक मिनेटी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्या सूत्रात १० टक्के चढ घातला तर सपाटीच्या साधारण १.६५ पट खर्च निघतो. म्हणजे कोरड्या पुळणीवरचा किलोमीटर हा दहा टक्के चढाच्या किलोमीटरइतकाच महाग. टेकडीवर कोणी पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर सलग दहा टक्के चढ धावत नाही, पण कोरड्या वाळूत बिनदिक्कत धावतात, कारण ती डोळ्यांना सपाट दिसते.


प्रतिसाद ५: तळपाय

+१. वर भर एवढीच, की चढावर दम लागून माणूस आपोआप थांबतो. वाळूत दमाच्या आधी पोटरी आणि टाचेमागची शीर मार खाते. पाऊल टेकताना टाच खाली जाते, पोटरी जास्त ताणलेल्या अवस्थेत जोर लावते, आणि वाळू मागे सरकते म्हणून तोच जोर पुन्हा लावावा लागतो. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना कळतं.

अनवाणी धावण्याबद्दल विचारणा होईलच, म्हणून आधीच लिहितो. ओल्या टणक वाळूवर, धावण्याच्या शेवटी, पहिले दोन आठवडे ५ ते ८ मिनिटं, एक दिवसाआड. पुढे दर आठवड्याला तीनचार मिनिटं वाढवा. सकाळी टाच आखडलेली वाटली तर वाढवणं थांबवा. तळव्याची संवेदना कमी असलेल्यांनी, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी, अनवाणी धावूच नये. शिंपल्याची धार, गळ, काच यांतलं काहीही लागलेलं कळत नाही.


प्रतिसाद ६: घाटउतार

एक मूलभूत प्रश्न. धाग्याचं नाव 'आणि मागच्या गावरानातले' असं आहे आणि आतापर्यंत सगळे पाण्यातच उभे आहेत. 😀

माझ्या मते चांगला मार्ग वर्तुळाकार: पुळणीवरून जा, खडकाचं टोक आलं की वर चढा, पठारावरून किंवा शेतांमधून परत या. तिरप्या पुळणीवर एकाच बाजूने दहा किलोमीटर होत नाहीत, स्नायूंचं काम बदलतं, आणि भरती चढली तरी परतीचा रस्ता पाण्यापासून सुटा राहतो. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा.


प्रतिसाद ७: खाडीकाठी

@घाटउतार, मान्य. पुळण आधी की गावरान आधी, हा खरा पेच आहे. तीन गोष्टी तीन दिशांना ओढतात.

तापमान: रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी होत नाही. पहाटे किनाऱ्यापासून आत, विशेषतः खोलगट भागात, काठापेक्षा थंड असतं. दिवस वर आला की उलटं होतं: आतली जमीन तापते आणि काठावर वारा सुरू होतो. या हिशोबाने आधी गावरान, मग पुळण.

पाय: पुळण शेवटी असेल तर ओले, वाळू भरलेले बूट घेऊन पुढचे आठ किलोमीटर करावे लागत नाहीत. इथेही आधी गावरान.

भरती: ती कोणाचं ऐकत नाही. ओहोटी पहाटे साडेपाचला असेल तर पुळण आधीच. अशा वेळी वर चढण्याच्या ठिकाणी दोन मिनिटं थांबून बूट झटका, पाय पुसा, मोजे बदला. कोरड्या मोज्यांचा जोड पिशवीत ठेवला तर वजन पन्नास-साठ ग्रॅमच वाढतं.


प्रतिसाद ८: पंचांगवाला

तक्ता हाताशी नसेल तेव्हा तिथीवरून अंदाज येतो. तिथीची पाऊणपट करा: पंचमी असेल तर ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास पुढेमागे ओहोटी. पण ही रीत जिथे पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या आसपास येते अशाच किनाऱ्याला लागू. दुसरीकडे आधी तिथली पौर्णिमेची वेळ माहीत करून घ्या आणि त्यात पाऊणपट मिळवा. अंदाज अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा पुळणीवर थोडं धावण्यापुरता ठीक. खडकाच्या टोकाला वळसा घालायचा असेल तर छापील तक्ताच हवा.

यातून निघणारी गंमत अशी, की एका किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी कायम घड्याळाच्या त्याच सुमाराला येते. पौर्णिमेची भरती बाराला असेल तर उधाणाची ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. म्हणजे पहाटे धावणाऱ्यांना सर्वांत रुंद पुळण मिळते. ज्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती सहाला येते, तिथे पहाटेची ओहोटी नेहमी भांगाची, म्हणजे पुळण बेताचीच. तिथल्यांनी पहाटेचा हट्ट सोडलेला बरा.


प्रतिसाद ९: दमादमानं

@पंचांगवाला, हे फार उपयोगी आहे. यालाच जोडून आठवड्याचं गणित:

लांब पल्ला रविवारी करणाऱ्यांसाठी. या रविवारी ओहोटी सकाळी ७ ला असेल तर सात दिवसांत ती सुमारे ५ तास ५० मिनिटं पुढे जाते, म्हणजे पुढच्या रविवारी पावणेसातच्या आसपास पूर्ण भरती. पुळण बंद. त्याच्या पुढच्या रविवारी ओहोटी पुन्हा सकाळी, पण साधारण पाऊण तास आधी, सव्वासहाला. एक रविवार किनारा आणि एक रविवार गावरान असा फेर आपोआपच पडतो. सराव-तक्ता लिहिताना चढाचे मोठे पल्ले भरतीच्या रविवारी टाका. चार आठवड्यांनी ओहोटी साडेपाचपर्यंत मागे येते, तेव्हा अंधाराचा विचार करून शनिवार-रविवार अदलाबदल करावी लागते.


प्रतिसाद १०: नवा_धावक

खडकाच्या टोकाला खालून वळसा घालता येतो का? नकाशावर चारशे मीटरच दिसतं, वरून गेलं तर दीड किलोमीटर.


प्रतिसाद ११: खाडीकाठी

वरून जा. खालून जायचंच असेल तर या अटी पाळा, आणि एकही सुटली तरी वरूनच.

एक, ओहोटी अजून चालू असली पाहिजे, पाणी उतरत असलं पाहिजे. भरती लागल्यावर नाही. दोन, लाटा निदान दहा-पंधरा मिनिटं बघा. मोठ्या लाटा गटाने येतात, दोन मिनिटं शांत दिसलं म्हणजे शांत असतंच असं नाही. तीन, टोकाच्या पलीकडे काय आहे ते आधी वरून पाहिलेलं असावं. पलीकडच्या पुळणीला वर चढायला वाट नसेल आणि पुढचं टोकही पाण्यात असेल, तर मध्ये अडकण्याची जागा तीच. चार, तिथे धावायचं नाही, चालायचं.

खडकावर पाय कुठे ठेवायचा हे रंगावरून कळतं. हिरवं शेवाळ म्हणजे साबण. वरच्या भागातला काळपट, गुळगुळीत थर ओला असला की तितकाच वाईट. खडकाला चिकटलेल्या बारीक पांढरट कवचांचा खरखरीत पट्टा असतो, तिथे बूट धरतो. हात टेकलात तर मात्र तळवा सोलून निघतो.

खाडीच्या मुखाबद्दल वेगळं लिहायला हवं. बाहेर ओहोटी झाली तरी आतलं पाणी त्यानंतरही बराच वेळ बाहेर वाहत असतं, म्हणून मुखाशी सगळ्यात कमी पाणी तक्त्यातल्या वेळेनंतर मिळतं. आणि उथळ खाडीत भरती बहुधा ओहोटीपेक्षा कमी वेळात, जोरात चढते. घोट्याएवढ्या पाण्यातून जाऊन तासाभराने त्याच वाटेने परत यायचा बेत करू नका. गुडघ्याएवढं वेगाचं पाणी माणसाला आडवं पाडतं. काळपट, चकाकता, गुळगुळीत चिखल दिसला की लांबून वळसा. पाय रुतलाच तर ओढाताण न करता मागे बसा, वजन पसरा, पाय हलवत हलवत सोडवा.


प्रतिसाद १२: घाटउतार

कड्यावरच्या वाटेबद्दल दोन ओळी. कड्याची धार बऱ्याचदा खालून पोखरलेली असते आणि वर गवत असल्याने ते दिसत नाही. इंग्लंडच्या दक्षिणेकडचे खडूचे पांढरे कडे याचं प्रसिद्ध उदाहरण, पण मऊ दगड आणि लाटा जिथे आहेत तिथे सगळीकडे हेच. फोटो काढणाऱ्यांनी धारेलगत पाडलेली पायवाट ही धावायची वाट नव्हे. आतली धरा. मोठ्या पावसानंतर एकदोन दिवस कड्याखालूनही जाऊ नका, माती-दगड सुटतात. वारा समुद्राकडे ढकलणारा आणि झोतांनी येणारा असेल तर त्या दिवशी कडा वगळा.

गावरानात फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं: उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावून. बांधावरून जाताना एकामागे एक. पेरलेल्या शेतातून वाट दिसली तरी ती मालकाची असते, विचारूनच जा. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या.

कुत्रा अंगावर आला तर थांबा, कडेने उभे राहा, डोळ्याला डोळा देऊ नका, हळूहळू मागे सरका. पळालात की तो पळणारच, त्याचं कामच ते. चावला किंवा ओरखडलं तरी जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर. घरी पोचून बघू, असं नाही.


प्रतिसाद १३: कंटूर

मार्गाचं 'खरं' अंतर काढण्याची पद्धत लिहितो. जुना ढोबळ नियम, १८९२ सालच्या गिर्यारोहक नाइस्मिथच्या हिशोबातून आलेला: १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचे सुमारे ८०० मीटर. त्यात वाळूचा जादा खर्च मिळवायचा.

उदाहरणार्थ १४ किमीचं वर्तुळ: टणक पुळण ५ किमी, कोरडी वाळू ६०० मीटर, बाकी ८.४ किमी गावरान. खडकाच्या टोकावर चढ ८० मीटर, पुढे गावरानात १४० मीटर. कोरड्या वाळूचे जादा ६०० × ०.६ = ३६० मीटर. चढाचे २२० × ८ = १७६० मीटर. बेरीज १६.१ किमी. सरावाच्या वहीत १४ नाही, १६ लिहा, आणि पाणीही १६ चं न्या.

चढाचा आकडा कुठून घेता याकडे लक्ष द्या. बरीच संकेतस्थळं उंची उपग्रहाने मोजलेल्या सुमारे ३० मीटरच्या चौकोनांवरून काढतात. कड्यालगतच्या वाटेला एक चौकोन पठारावरचा आणि शेजारचा अर्धा समुद्रातला. तुमची रेषा जरा डावीउजवीकडे हलली की कागदावर चाळीस मीटर उतरता आणि पुन्हा चढता. सपाट कडावाटेवर तीनशे मीटर चढ दिसला तर समजा चौकोन खेळतायत. समोच्च रेषांच्या नकाशावर बोटाने मोजलेला चढ जास्त भरवशाचा. पुळणीवरचा चढ सरळ शून्य धरा.


प्रतिसाद १४: तळपाय

वाऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. 'जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर' हे थंड हवेत बरोबर आहे, घामाने भिजलेल्या अंगाला परतताना गार वारा लागत नाही. उष्ण दमट हवेत हाच सल्ला अंगाशी येतो. तुम्ही ताशी १० किमी धावताय आणि वारा १२ चा आहे. समोरून असेल तर अंगाला २२ चा वारा लागतो. पाठीमागून असेल तर २ चा. म्हणजे दमलेल्या, तापलेल्या अवस्थेत नेमका वारा बंद, घाम सुकत नाही, अंग तापत जातं. अशा दिवशी उलटं करा किंवा वाऱ्याला आडवा जाणारा मार्ग घ्या. समुद्रावरचा वारा दुपारकडे वाढत जातो आणि साधारण किनाऱ्याला काटकोनात येतो, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या रेघेवर तो कुशीतून लागतो आणि आत जाणारी वाट पकडली की पाठीवर येतो. उन्हाच्या वेळी ती आतली वाट सगळ्यात कोंदट असते.

पाण्याचा हिशोब: एक तास धावण्याआधी आणि नंतर कपड्यांविना अंग पुसून वजन करा. घटलेला किलो म्हणजे सुमारे एक लिटर घाम, वाटेत प्यायलेलं त्यात मिळवा. गेलेलं सगळंच वाटेत भरून काढायचं नसतं. तहानेप्रमाणे प्या. धावून झाल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय, आणि रक्तातलं सोडियम उतरणं हा उन्हापेक्षा लहान धोका नाही.

ऊन खालूनही येतं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्के. हनुवटीखाली आणि कानांमागे मलम लावा, टोपी तिथे कामाची नाही.


प्रतिसाद १५: लाटेवर

धावून झाल्यावर पाण्यात उतरणाऱ्यांसाठी: पाय घासत चाला, उचलून टाकू नका. वाळूत लपलेला पाकट माशासारखा जीव धक्का लागला की निघून जातो, पाय वर पडला की काटा मारतो. काटा लागलाच तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटं पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. पोटात किंवा छातीत लागला असेल तर उपसू नका.

लाटांच्या रांगेत मध्येच शांत, गढूळ पट्टा दिसला तर तो उतरायला सोपा वाटतो. तिथूनच पाणी खोल समुद्राकडे ओढतं. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका.

वीज: चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पुळण आणि पठार दोन्ही सोडा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परतू नका. सपाट पुळणीवर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.


प्रतिसाद १६: नवा_धावक

धन्यवाद सगळ्यांना, वाचनखूण साठवली. शेवटचं: बूट एकच जोड आहे, जाळीचा, रस्त्यावरचा. चालेल? आणि घड्याळाचं काही बिघडतं का?


प्रतिसाद १७: पुळणवाला

टणक पुळण आणि सुक्या कच्च्या रस्त्याला चालेल. जाळीतून बारीक वाळू आत येते, ती बोटांखाली साठते आणि बूट अर्ध्या मापाने लहान होतो. मध्ये एकदा आतला सुटा सोल काढून झटका. चिखलाच्या वाटेला चारपाच मिलिमीटर दात असलेला तळ लागतो, पण तेच दात ओल्या खडकावर काही धरत नाहीत. तिथे मऊ रबर हवं. एकाच बुटात दोन्ही मिळणं कठीण, म्हणून मार्गात जास्त काय आहे ते बघून निवडा.

घरी आल्यावर नाडी आणि सोल काढून गोड्या पाण्यात धुवा. खारं पाणी तसंच सुकलं तर मिठाचे कण कापडात राहतात, दमट हवेत पुन्हा पाणी ओढतात आणि बूट कधीच नीट कोरडा होत नाही. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, तासाभराने बोळे बदला. उन्हात किंवा गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या बुटाचा फेसाळ तळ आखडतो आणि चिकटवलेली कड सुटते. एकच जोड असेल तर पुळणीच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती ठेवा, बूट तेवढ्यात वाळतो.


प्रतिसाद १८: कंटूर

घड्याळ: हवेच्या दाबावर उंची मोजणारं असेल तर त्याच्या कडेला किंवा मागे बारीक भोकं असतात. त्यात मीठ आणि वाळू बसली की पुढच्या धावण्यात सपाटीवरही उंची हळूहळू चढत जाते. कोमट गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा, हलकेच हलवा, सुकू द्या. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो. निघताना पुळणीवर उंची हाताने शून्याजवळ लावून घ्या, म्हणजे वरचा चढ बरोबर येईल.